दूधसागरला जा, पण रुळांवरून नको!

तुमच्या प्रोफाइलवर आहे का हो तो फोटो? दोन रूळ, मागे धुकं, मध्ये आपण आणि नजर कुठेतरी लांब! माझ्याकडे आहे. कॉलेज संपलं त्या पावसाळ्यात आमची गँग कुळे स्टेशनवरून रूळ धरून चालत दूधसागरला गेली होती. गोवा-कर्नाटक सीमेवरचा 310 मीटरचा धबधबा आणि त्याच्यासमोरून जाणारा रेल्वेपूल... एकदम फिल्मी लोकेशन! 2013च्या 'चेन्नई एक्सप्रेस'नंतर तर विचारूच नका.

मी रुळालगत पोझ देऊन उभी. मैत्रीण म्हणतेय, 'अजून एकच!' तेवढ्यात एक गँगमन ओरडत आला, 'ओ ताई, आधी बाजूला व्हा!' आम्ही हसलोच. गाडी कुठाय? मिनिटभरात वळणावरून इंजिन आलंसुद्धा. धबधब्याच्या आवाजात आम्हाला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

हिशेब नंतर कळला. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतलं अंतर 1676 मिलिमीटर, डबा मात्र जवळपास सव्वातीन मीटर रुंद. म्हणजे गाडी रुळाच्या दोन्ही बाजूंना सुमारे अडीच फूट बाहेर असते. 'मी कुठे रुळावर होते, बाजूलाच तर होते' हा बचाव इथेच संपतो. आणि ड्रायव्हरने ब्रेक लावला तरी गाडी बाइकसारखी जागच्या जागी थांबत नाही.

कायद्याचं काय? जुलै 2023 मध्ये रुळांवरून दूधसागरला निघालेल्यांना अडवलं गेलं, त्यांच्या उठाबशांचे व्हिडिओही गाजले. रेल्वेने तेव्हा 1989च्या रेल्वे कायद्यातल्या कलम 147ची आठवण करून दिली. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्री-वेडिंगवाल्यांनो, कॅमेरामन सोबत असला म्हणून सूट नाही. शूटिंगसाठी रेल्वेची रीतसर परवानगी लागते.

मग दूधसागर बघायचाच नाही? बघा की! पावसाळ्यात गोवा एक्सप्रेसच्या खिडकीतून बघा, फक्त दिवसाउजेडी घाट पार करणारी गाडी निवडा. पाऊस सरल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून, कुळ्याहून जीपने पायथ्याजवळ जाता येतं.

माझा तो फोटो मी डिलीट केलेला नाही. त्यात डाव्या कोपऱ्यात हात वर करून धावत येणारा गँगमन दिसतो. तेव्हा त्याला क्रॉप करणार होते. बरं झालं, केलं नाही.