मणभर दूध

मेल्या म्हशीला मणभर दूध असं आपण म्हणतो, आणि बायको गेलेला माणूस तिचं फार कौतुक करू लागला की ही म्हण हटकून आठवते. ती निर्दय आहे, पण तिच्यात निरीक्षण आहे. जिवंतपणी जी शेरभर द्यायची, लाथ मारायची, अधूनमधून आटायची, ती गेल्यावर मणभर देते, कारण आता चरवी घेऊन कुणी बसत नाही. म्हणीचा रोख अतिशयोक्तीवर आहे असं समजतात. मला मात्र त्यातली नाहीशी झालेली लाथ जास्त महत्त्वाची वाटते. गेलेलं माणूस आपल्याला नकार देऊ शकत नाही, आणि ज्याला नकारच देता येत नाही त्याच्यावर प्रेम करणं फार सोपं असतं. तेवढ्यासाठीच त्या प्रेमाबद्दल मनात शंका येते.

भुताखेतांवरचा विश्वास हा नकार शाबूत ठेवतो, असं माझं म्हणणं आहे. कोकणात सवाष्णपणी गेलेल्या बाईची जखीण होते म्हणतात. काही समाजांत दुसरेपणावर आलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीची छोटी प्रतिमा बांधत. भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. भीतीपोटी का होईना, या घरांत मेलेल्या बाईला अजून काही हवं असतं. ती रागावू शकते. मणभर दुधापेक्षा मला हा राग तिच्या जास्त जवळचा वाटतो. यावर कुणी विचारील, ही भीती भोगली कुणी? दुसरी आजारी पडली की ‘पहिलीनं धरलं’ म्हणून अंगारा लागे तो तिलाच. विधुराला दुसरं लग्न करायला वर्षही थांबावं लागत नसे. महादेव गोविंद रानड्यांसारख्या सुधारकाची पहिली पत्नी 1873 साली गेली आणि त्याच वर्षी, वडिलांच्या आग्रहामुळे, अकरा वर्षांच्या रमाबाई घरात आल्या. उलट केशवपन करून आलवणात गुंडाळलेल्या विधवेला नवऱ्याच्या भुताची गरजच नव्हती. तिलाच घरातलं सावट करून ठेवलेलं असे. 1856 च्या कायद्याने तिला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण तो केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाई. ज्या जातींत पाट लागे, तिथेही तो रात्री लागे. हा आक्षेप मला खोडता येत नाही. एवढंच दिसतं की नवऱ्याने लवकर खाली ठेवलेलं दुःख कुणीतरी गळ्यात वागवत होतं, आणि ती एक परकी पोर होती.

आणि मग दहाव्याचा कावळा आहेच. घाटावर पिंड मांडलेला असतो, कावळा शिवत नाही. नातलग हात जोडून एकेक कबूल करत जातात: मुलांना सांभाळू, धाकटीचं लग्न करून देऊ, म्हातारीला अंतर देणार नाही. उन्हात ताटकळत, रडत, मोठ्याने दिलेली ही वचनं मला आपल्या साऱ्या शोकविधींमधली सर्वांत खरी वाटतात. तिथे मृताला नकाराचा हक्क आहे. पण कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि माणसं घरी परततात. परतायलाच हवं, मागे लेकरं असतात. तरी तो होकार दिला कुणी? अविधवा नवमीचंही तेच. अनेक घरांत नवरा गेला की ती बंद होते. मग ते पान इतकी वर्षं तिच्यासाठी मांडलं जात होतं, की तो अजून आहे म्हणून? मागे राहिलेल्याबरोबर भूतही संपत असेल, तर ज्याला मी तिचा नकार म्हणत होतो तो त्याचाच असेल, तिच्या आवाजातला. काही घरांत मुलं ती नवमी पुढे चालवतात. त्यांना आई हवी असते की तिच्या रागाची धास्ती असते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात का, हे मला ठरवता येत नाही.