पुणतांब्याचा गुलाब आणि तांब्याचे भांडे

दौंड-मनमाड लोहमार्गाने बेलापूर सोडले की निपाणी वडगाव, चितळी आणि मग पुणतांबा. गाडी इथे फार वेळ थांबत नाही, पण वाचकहो, तुम्ही मात्र थांबा. शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. २००९ मध्ये साईनगर शिर्डीचे स्थानक सुरू झाल्यापासून पुष्कळ भाविकांना पुणतांबा म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिसणारी एक पाटी एवढेच ठाऊक असते. गाव खरे पाहायचे तर गोदावरीच्या काठी उतरावे. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट तिथे आहे आणि योगी चांगदेवांची समाधीही आहे. तपाचा आणि वयाचा मोठा अभिमान बाळगणारे चांगदेव शेवटी लहानग्या मुक्ताबाईंचे शिष्य झाले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. या गावी जाऊन मलाही थोडेसे तसेच शिकावे लागले. ते कसे, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

पुणतांब्याला शेतीमालाच्या भावाचे दुःख नवे नाही. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची ठिणगी याच गावात पडली. दूध आणि भाजीपाला बाजारात न पाठवण्याचा तो निर्णय नाशवंत माल पिकवणाऱ्या माणसाच्या पोटातून आलेला होता. फूल तर दुधापेक्षाही नाजूक. शिर्डी जवळ असल्याने राहाता तालुक्यात गुलाबाची शेती पुष्कळ. २०२० मध्ये करोनामुळे देवस्थान बंद झाले आणि गुलाब झाडावरच सुकला. पुढे दर्शन सुरू झाले, तरी हार-फुले आत नेण्यास बराच काळ बंदी होती. त्या दिवसांत फुले बांधावर टाकताना मी पाहिलेली आहेत.

त्यानंतर एकदा एका बाईंनी मला विचारले, "साहेब, उरलेल्या फुलाचं गुलाबपाणी घरी काढता येईल का? भांडं किती रुपयांत होईल?"

प्रश्न साधा होता. मी बी.एस्सी. कृषी, नोकरीत केस पांढरे झालेले. पुस्तकात ऊर्ध्वपातन शिकलेलो. फूल पाण्यात उकळायचे, वाफेबरोबर सुगंधी तेलाचा अंश वर येतो, ती वाफ थंड केली की सुगंधी पाणी मिळते, एवढे मला ठाऊक होते. उत्साहाने म्हणालो, "घरच्या प्रेशर कुकरवर करून दाखवतो."

तिथेच माझी चूक झाली. शिट्टी काढून त्या नळीवर प्लॅस्टिकची नळी बसवली. पाणी उकळले, नळी मऊ पडली, गुलाबाऐवजी जळक्या रबराचा वास सुटला. त्याहून वाईट म्हणजे एक पाकळी वाफेच्या भोकाशी जाऊन बसली. वाफ अडली. मी घाईने शेगडी बंद केली, म्हणून निभावले. शेतकरी बंधू-भगिनींनो, कुकरचा हा प्रयोग कुणीही सांगितला तरी करू नका. ज्या भांड्याला वाफ बाहेर पडायची एकच बारीक वाट आहे, त्यात पाकळ्या घालणे धोक्याचे.

त्या घरच्या आजी इतका वेळ ओसरीवर बसून पाहत होत्या. सुनेला त्या म्हणाल्या, "हे यंत्र माझ्या घरात नको." आणि उठून आत गेल्या.

मला वाटले, आजी स्फोटाला घाबरल्या. तसे नव्हते. सुनेने नंतर हळू आवाजात सांगितले की, सासऱ्यांनी तरुणपणी गूळ-नवसागराची हातभट्टी लावली होती. दोनदा पोलीस आले. पुढे दारूनेच ते गेले. आजींना भांडे आणि नळी दिसली की तेच आठवते.

आजींचे चुकत नव्हते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा आहेच, पण त्या हेतूने भट्टीचे भांडे किंवा साहित्य बाळगणे हासुद्धा गुन्हा आहे. प्रवरानगर येथे मळीपासून मद्यार्क बनतो तो परवान्याने, मोठ्या आसवनीत. घराच्या परसात त्याला जागा नाही. आपल्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यातील पांगरमलला फेब्रुवारी २०१७ मध्ये विषारी दारूने माणसे दगावली. मिथेनॉल मिसळलेली दारू वासावरून ओळखता येत नाही. आधी डोळे जातात, मग जीव. तेव्हा या लेखात भांड्याविषयी जे सांगतो आहे, ते केवळ फुलापानांच्या सुगंधी पाण्यासाठी. आंबवलेली कोणतीही वस्तू त्यात घालायची नाही.

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा मी कुकर नेला नाही. आजींसमोर बसलो आणि म्हणालो, "आजी, तुम्ही नको म्हणाल तर हा विषय इथेच सोडतो."

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तू शिकलेला, पण वाफेची वाट तुला कळली नाही. भांड्याचं तोंड रुंद पाहिजे. झाकण कणकेनं लिंपायचं, रबरानं नाही. वाफ अडली तर आधी कणीक सुटते. भांडं फुटत नाही."

मी वहीत लिहून घेतले. आजींना हे कुठून ठाऊक होते, ते मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

आता वाचकहो, नवशिक्याने कमी खर्चात काय घ्यावे, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी बिनखर्चाची. स्टीलचे मोठे पातेले घ्या. मधोमध एक स्वच्छ दगड, त्यावर स्टीलची वाटी. भोवताली पाकळ्या आणि वाटीच्या काठाखाली राहील इतके पाणी. वर झाकण उलटे ठेवा, म्हणजे त्याचा मधला फुगवटा वाटीवर येईल. झाकणावर थंड पाणी किंवा बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून थेंब थेंब वाटीत पडते. कपभर गुलाबपाणी मिळेल. आपल्या फुलाला वास किती आहे, हे याच पायरीला कळते. वास समाधानकारक नसेल, तर पुढचा खर्च करूच नका.

दुसरी पायरी दहा लिटरच्या भांड्याची. रुंद तोंडाचे, जाड बुडाचे स्टीलचे किंवा आतून कल्हई केलेले तांब्याचे भांडे चालेल. अ‍ॅल्युमिनियम टाळा. तांबे सुगंधाला चांगले मानतात, पण महाग पडते. शिकण्यापुरते स्टील पुरे. तांब्याचेच हवे असेल, तर नाशिकच्या किंवा पुण्याच्या तांबट आळीत करून मिळेल. एक अट कारागिराला स्पष्ट सांगा: सांध्याला शिशाचा डाग नको. शिसे हे विष आहे.

झाकणाला मधोमध भोक आणि त्याला नळी. नळी तांब्याची, सुमारे दहा मिलिमीटर व्यासाची, अडीच-तीन मीटर लांब. फ्रिज दुरुस्तीवाल्यांकडे अशी मऊ नळी मिळते. नवीच घ्या, जुनी तेलकट असते. वेटोळे करताना ती दबते, म्हणून आत कोरडी बारीक वाळू भरून, दोन्ही टोके बंद करून वळवा, मग वाळू नीट धुऊन काढा. हे वेटोळे बादलीत बसवा आणि नळीचे टोक बादलीच्या बुडाजवळून बाहेर काढा. नळीला वरून खालपर्यंत सतत उतार हवा. मध्ये खोलगट भाग राहिला, तर तिथे पाणी साचून वाफ अडते. पाकळ्या नळीकडे जाऊ नयेत म्हणून भांड्यात झाकणाखाली स्टीलची जाळी ठेवा.

तिसरी गोष्ट थंड पाणी. नवशिके इथेच फसतात. एक लिटर गुलाबपाणी गोळा करायचे, तर बादलीतले निदान वीस लिटर पाणी तापते. पाण्याची सोय आधी करा. थंड पाणी बादलीच्या तळाशी सोडा आणि गरम झालेले वरून काढा. नळीच्या तोंडातून वाफ येऊ लागली, तर समजा की पाणी गरम झाले किंवा जाळ जास्त झाला.

नवे भांडे आले की पहिली फेरी नुसत्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालून करा आणि निघालेले पाणी फेकून द्या. नंतर दोन-चार फेऱ्या गवती चहावर हात बसवण्यासाठी. बांधावर तो फुकट असतो आणि बिघडला तरी हळहळ नाही.

मग गुलाब. फूल सूर्य वर येण्याआधी तोडा आणि त्याच दिवशी वापरा. ऊन चढले की सुगंध उडतो. एक किलो पाकळ्यांना चार लिटर पाणी घ्या, भांडे दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. मंद आचेवर पहिले एक लिटर गोळा करा आणि थांबा. लोभाने पुढे चालू ठेवले, तर पाणीच मिळते, वास नाही. काचेच्या उकळून वाळवलेल्या बाटलीत भरून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. यात कोणतेही टिकाऊ द्रव्य नसते, म्हणून बुरशी आली की टाकून द्या.

दोन कडू गोष्टी सांगतो. आपल्याकडचा हाराचा लाल गुलाब रंगाने छान, पण सुगंधाने गरीब. कनौजला अत्तरवाले देग-भपक्यात टाकतात तो गुलाब वेगळ्या जातीचा असतो. त्यातूनही एक किलो तेलाला साडेतीन-चार हजार किलो फुले लागतात. तेव्हा तेलाचे स्वप्न पाहू नका. दुसरी गोष्ट, फुलकिडे आणि भुरीसाठी फवारलेल्या गुलाबाचे पाणी तोंडात किंवा डोळ्यांत जाऊ देऊ नका. गुलाबपाण्यासाठी चार झाडे वेगळी, बिनफवारणीची ठेवा. विक्री करायची झाली, तर आधी अन्न व औषध प्रशासनाकडे परवान्याची चौकशी करा. बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारले, तर पुढची वाट कळेल.

आणि हिशेब प्रामाणिक मांडा. दहा लिटरच्या भांड्यात दिवसाला फार तर तीन-चार किलो पाकळ्या होतील. भाव पडल्यावर गाडाभर फुले त्यात जिरणार नाहीत. भावाचे दुखणे त्याने बरे होणार नाही, पण घरातल्या बाईच्या हातात एक कसब आणि दोन पैसे येतील.

गेल्या वेळी त्या घरी गेलो, तर परसात स्टीलचे भांडे चुलीवर होते. सून जाळ पाहत होती. आजी पाटावर बसून झाकणाच्या कडेला बोटाने कणीक लावत होत्या. भांड्याच्या अंगावर हळदीकुंकवाची बोटे ओढलेली दिसली. मी विचारले, "आजी, आता घरात चालतं का?"

त्या म्हणाल्या, "अट घातलीय. या भांड्यात गुळाचा खडा पडायचा नाही. पडला त्या दिवशी भांडं गोदावरीत."

निघताना त्यांनी मला छोटी बाटली दिली. वास तसा मंदच होता. बाटली खिशात घालून मी घाटावरून स्थानकाकडे निघालो. समाधीशी दोन मिनिटे थांबलो, नमस्कार केला. गाडीला अजून अवकाश होता.