कोच गेला, मग पोरांचं काय?

सोमवार, ८ जानेवारी २०२४. संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये आठ माणसं, मोठं पातेलंभर भेळ आणि टीव्हीवर ह्यूस्टनहून मॅच. कॉलेज फुटबॉलची फायनल. आमचं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन विरुद्ध मिशिगन. आता 'आमचं' म्हणजे काय, तर मी काही तिथे शिकलेलो नाही. पण सिअ‍ॅटलमध्ये बारा वर्षं पावसात भिजल्यावर माणसाचा एवढा हक्क होतोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. हा लांबुळक्या चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा. आणि 'कॉलेज' शब्दावर जाऊ नका. आपल्याकडे कॉलेजची टीम म्हणजे जिमखान्याच्या खोलीत कुलूपबंद असलेले चार बॉल आणि हजेरीची सवलत. इथे आमच्या हस्की स्टेडियममध्ये सत्तर हजार माणसं बसतात. स्टेडियम लेक वॉशिंग्टनच्या काठावर आहे, त्यामुळे काही लोक मॅचला चक्क बोटीने येतात. आणि विद्यापीठ सरकारी असलं तरी फुटबॉल कोचचा पगार राज्याच्या गव्हर्नरपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो टायपो वाटला होता!

तर आम्ही ती फायनल हरलो. ३४-१३. पण फारसं कोणी रडलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी परिस्थिती काय होती? २०२१ च्या हंगामात चार विजय, आठ पराभव आणि हंगाम संपायच्या आत कोचची हकालपट्टी. मग कॅलन डीबोअर नावाचा माणूस आला. साउथ डकोटामधल्या मिलबँक या छोट्या गावचा. दोन हंगामांत त्याने २५ मॅचेस जिंकल्या, हरला फक्त तीन. मायकल पेनिक्स हा आमचा क्वार्टरबॅक तर मुळात आला तोच त्याच्यासाठी. इंडियाना विद्यापीठात हा पोरगा सतत जखमी व्हायचा. चार हंगाम दुखापतींनी अर्धवट राहिले. २०१९ मध्ये डीबोअर तिथे सहायक कोच होता, ती ओळख. डीबोअर सिअ‍ॅटलला आला म्हटल्यावर पेनिक्सही अर्धा देश ओलांडून इथे आला.

भेळ संपली, लोक घरी गेले, "पुढच्या वर्षी बघू" म्हणत.

बुधवारी, म्हणजे १० तारखेला, अलाबामाच्या निक सेबननी निवृत्ती जाहीर केली. सतरा हंगाम, सहा राष्ट्रीय विजेतेपदं. आपल्या भाषेत सांगायचं तर तेंडुलकर रिटायर झाल्यासारखं, फक्त कोच तेंडुलकर. माझ्या ऑफिसमधला एक अमेरिकन मित्र कॉफी मशीनपाशी चेहरा पाडून उभा होता. मी म्हटलं, "अरे, अलाबामा इथून चार हजार किलोमीटर लांब. तुला काय त्याचं?" तो म्हणाला, "आता ते आमचा नेतील."

नेला! शुक्रवारी, १२ तारखेला. करार मोडल्याची भरपाई १ कोटी २० लाख डॉलर. फायनल हरून अजून भेळेचं पातेलं नीट घासूनही झालं नव्हतं.

मग सुरू झाली खरी गंमत. रविवारी १४ तारखेला आमच्या लोकांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठाचा कोच जेड फिश उचलला. हा फिश स्वतः कॉलेजात कधी फुटबॉल खेळलेला नाही, पण अ‍ॅरिझोनाची टीम पहिल्या वर्षी १-११ होती ती तिसऱ्या वर्षी त्याने १०-३ वर नेली. मंगळवारी अ‍ॅरिझोनाने सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन नेला. त्याच महिन्यात सॅन होजेने केन न्यूमाटालोलो यांना आणलं. एक म्हातारा निवृत्त झाला आणि तीन शहरांतली पोरं पोरकी झाली. आमच्या आयटीत एखादा डायरेक्टर सोडून गेला की खालचे पाच जण कसे सरकतात, अगदी तसंच. फरक इतकाच, की आमच्याकडे एक जागा भरायला चार महिने आणि सात इंटरव्ह्यू लागतात. यांनी ४८ तासांत भरली.

एवढी घाई का? तर कोच गेला की त्या टीममधल्या खेळाडूंना दुसरीकडे बदली मागायला तीस दिवसांची मुदत उघडायची, असा तेव्हाचा नियम. आधीची पद्धत म्हणजे कोच हवा तिथे जाणार आणि पोरगा गेला तर त्याने एक वर्ष बाहेर बसायचं. २०२१ मध्ये ती अट सैल झाली. त्यामुळे खुर्ची जितके दिवस रिकामी, तितकी पोरं गळणार. आमची गळलीच. काही तर डीबोअरच्या मागोमाग थेट अलाबामाला गेली. पेनिक्ससारखे काही एनएफएलमध्ये गेले. फायनल खेळलेल्या टीमपैकी ओळखीचे चेहरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले.

आणि कळस म्हणजे, नव्या कोचला ज्या क्रीडा संचालकाने निवडलं, तो स्वतः मार्चमध्ये नेब्रास्काला निघून गेला! तो ऑक्टोबरमध्येच आला होता.

गावात लोक चिडले होते. "दोन वर्षांत पळाला", "निष्ठा नावाची गोष्टच उरली नाही" वगैरे. जुने लोक डॉन जेम्सची आठवण काढत होते. १९७५ ते १९९२, अठरा हंगाम इथेच. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. मीही दोन-तीन दिवस तावातावाने बोललो. मग एकदम गप्प झालो. कारण माझ्या इनबॉक्समध्ये एक ऑफर लेटर होतं आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे सहा दिवस होते.

बायको सोडून कोणाला माहीत नव्हतं. नवी कंपनी, पगार बरा वाढत होता आणि कामही मला हवं तसं. अडचण एकच. माझ्या सहा जणांच्या टीममधली एक मुलगी. तिला आपण इथे ठाणेकर म्हणू. ती आधी बंगळूरला आमच्याच कंपनीत होती, चांगली स्थिरावलेली. मी तिच्याशी तीन महिने फोनवर बोललो. "ये इकडे, काम मस्त आहे, मी आहे ना!" ती आली. येऊन जेमतेम सात महिने झाले होते. तिचा करार कंपनीशी, व्हिसा कंपनीचा, हे सगळं खरं. पण ती आली होती ती त्या शेवटच्या तीन शब्दांवर.

त्या रविवारी बाबांना फोन केला. बाबा मिरजेला असतात, वय अठ्ठ्याहत्तर. शाळेत पी.टी. आणि भूगोल शिकवायचे. खो-खोचे वेडे. त्यांना ही सगळी कोचची साखळी सांगितली. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "पोरांना कोणी सांगितलं? त्यानं की पेपरनं?"

मी म्हटलं, "शुक्रवारी टीमला सांगितलं म्हणतात त्यानं. पण तोवर बातम्या फुटल्याच होत्या."

"पण सांगितलं ना समोर उभं राहून?"

"हो."

मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

आम्ही मिरजेला यायच्या आधी बाबा तालुक्यातल्या एका लहान गावच्या शाळेत होते. तिथे त्यांनी मुलींचा खो-खोचा संघ उभा केला होता. पहाटे स्वतः फक्की टाकून मैदान आखायचे, खांब रोवायचे. त्यातल्या निम्म्या मुलींच्या घरी जाऊन "पोरीला खेळू द्या" म्हणून वडिलांच्या विनवण्या केलेल्या. तो संघ जिल्ह्यापर्यंत गेला. १९९१ च्या मे महिन्यात मिरजेच्या शाळेतली जागा मिळाली. पगार थोडा जास्त, शाळा मोठी, आणि मुख्य म्हणजे मला आणि ताईला चांगलं शिक्षण. सुट्टी होती, मुली शेतात-माहेरी-मामाकडे पांगलेल्या. बाबांनी सामान भरलं आणि आलो आम्ही.

"जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पोरी मैदानावर आल्या असणार," बाबा म्हणाले. "मुख्याध्यापकांनी सांगितलं असेल त्यांना. मी नाही सांगितलं. पत्र टाकीन म्हणत होतो. राहिलं."

"नंतर कोण आलं तुमच्या जागी?"

"कुणी नाही. जागा भूगोलाची होती ना. भूगोलाचा माणूस आला."

मी काय बोलणार? मी ज्या शाळेत शिकलो, तिथून पुढे सांगलीला इंजिनिअरिंग केलं, आणि आज इथे बसून परक्या कोचच्या निष्ठेवर भाषणं देतोय, तो सगळा रस्ता बाबांच्या त्या जाण्यातून निघालेला! ते गेले नसते तर त्या मुली कदाचित राज्यापर्यंत गेल्या असत्या. आणि मी कुठे असतो कुणास ठाऊक.

"तुम्ही जायला नको होतं, असं वाटतं का?" मी विचारलं.

"छे. तुमचं शिक्षण होतं," ते लगेच म्हणाले. "जायचं होतंच. सांगायला पाहिजे होतं."

मी ऑफर घेतली. पण राजीनाम्याची ईमेल टाकायच्या आदल्या संध्याकाळी ठाणेकरला कॉफीला बोलावलं आणि सांगितलं. एचआरच्या दृष्टीने हे चुकीचं, मला माहीत आहे. ती काही बोलली नाही आधी. कपाचं झाकण काढत, लावत बसली. मग म्हणाली, "तू होतास म्हणून आले मी." मी "हो" म्हटलं. "सॉरी" म्हणणार होतो, पण ते फार स्वस्त वाटलं. इथे नोटिशीची पद्धत दोन आठवड्यांची, पुण्यासारखी नव्वद दिवसांची नाही. मी पाच आठवडे थांबलो. तिचं रेटिंग लिहून गेलो, तिचं काम माझ्या वरच्या साहेबाला दोनदा समजावून सांगितलं. माझ्या जागी कोण येणार याच्या बैठकांत जमेल तितकं तोंड घातलं. माणूस यायला जून उजाडला. बरा आहे म्हणतात. पण तोही त्याच्या पद्धतीचा, त्याची स्वतःची माणसं घेऊन आला. ठाणेकर ऑगस्टमध्ये दुसऱ्या टीममध्ये गेली.

हे लिहिण्यात माझी बढाई अजिबात नाही. पाच आठवडे थांबून काही फिटत नाही. बदली कोच कितीही चांगला असो, ज्याच्या शब्दावर पोरं आली तो शब्द त्याने दिलेला नसतो. करार संस्थेशी असतो आणि भरवसा माणसावर. दोन्ही एकच आहेत असं आपण सही करताना समजतो. माणूस गेल्यावर कळतं, की नव्हते.

५ ऑक्टोबर २०२४ ला मिशिगन सिअ‍ॅटलला आलं. तेच मिशिगन. त्यांचाही कोच जिम हार्बॉ दरम्यान एनएफएलमध्ये गेलेला. म्हणजे फायनलच्या दिवशी समोरासमोर उभे असलेले दोन्ही कोच नऊ महिन्यांत गायब. तिकिटं ठाणेकरने काढली होती. आम्ही सहा-सात जण गेलो. त्याच दिवशी तिकडे डीबोअरचं पहिल्या क्रमांकावरचं अलाबामा व्हँडरबिल्टकडून हरलं, ४०-३५. व्हँडरबिल्टने त्यांना १९८४ नंतर पहिल्यांदाच हरवलं होतं. फोनवर तो स्कोअर बघून आमच्या मागच्या रांगेतले लोक असे नाचत होते, की समोरची मॅच विसरले. आम्ही मिशिगनला हरवलं, २७-१७. मैदानावरची निम्मी नावं मला माहीत नव्हती, तरी घसा बसेपर्यंत ओरडलो.

बाहेर पडताना गर्दीत ठाणेकर म्हणाली, "तेव्हा सांगितलंस ते बरं केलंस. पण राग होता हं. अजून थोडा आहे."

"असू दे," मी म्हटलं.

बाबांना दुसऱ्या दिवशी स्कोअर सांगितला. त्यांनी नव्या कोचचं नाव दोनदा विचारलं, दोनदा विसरले. मग मीच म्हटलं, की पुढच्या खेपेला आलो की गाडी काढून त्या गावाला जाऊन येऊ. त्या मुली आता पन्नाशीला आल्या असतील, कुठे कुठे असतील. "बघू," म्हणाले. बाबांचं 'बघू' म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

असो. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत.