पैनगंगेच्या काठाने तीन आठवडे

लातूर-नांदेडकडील कुटुंबांत जंगल पाहण्याचा बेत निघाला की प्रथम कान्हा, काझीरंगा किंवा परदेशातील एखाद्या अभयारण्याचे नाव पुढे येते. वस्तुतः उष्णकटिबंधातील अरण्य पाहण्यासाठी मराठवाड्याच्या माणसाला फार दूर जाण्याचे कारण नाही. साग, बांबू, मोह आणि पळस यांची पानझडी वने नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातच सुरू होतात. तेथून पैनगंगेच्या आधाराने निघाल्यास तीन आठवडे अपुरे पडावेत एवढे पाहण्यासारखे आहे. बेत आखताना प्रश्न दोनच उरतात : वाट कोणती धरावी आणि महिना कोणता निवडावा.

वाटेचा प्रश्न एका वाघाने सोडवून ठेवला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर बसवली. जूनच्या अखेरीस, पावसाळा सुरू होत असताना, त्याने टिपेश्वर सोडले. महाराष्ट्र आणि तेलंगणातील अनेक जिल्ह्यांतून, कापसाच्या शेतांमधून, नाल्यांच्या कडेने, महामार्ग ओलांडत आणि बहुतेक रात्रीच चालत तो पाच महिन्यांत तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडून डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढे ‘वॉकर’ या नावाने तो ओळखला गेला. पैनगंगेचा उगमही त्याच बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत आहे. नदी ज्या मुलखातून खाली येते, त्या मुलखाच्या वरच्या टोकाशी तो जाऊन थांबला. पायी विहाराची परंपरा ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या पाहिली आहे, त्यांना या एकाकी वाटचालीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

त्याची नेमकी वाट धरणे माणसाला शक्य नाही, परंतु तिच्या आसपास एक सुरेख वर्तुळ आखता येते. पहिले चार दिवस घराजवळचे. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. उदगीरजवळच्या हत्तीबेटावर कोरीव लेणी आणि खडकांतून वाढलेली झाडी आहे. नांदेडला गोदावरीवरील विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी एक पहाट शांतपणे घालवली, तर डोळ्यांना आणि कानांना पुढच्या प्रवासाची सवय लागते.

पाचव्या ते नवव्या दिवसापर्यंत मुक्काम किनवट-माहूरच्या परिसरात असावा. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे किनवटवरूनच जाते, त्यामुळे या टप्प्याला स्वतःच्या मोटारीची सक्ती नाही. इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या कातळावरून सहस्रकुंडाच्या धबधब्यात कोसळते. माहूरच्या गडावरून भोवतालच्या डोंगरांची आणि वनांची रचना एका दृष्टिक्षेपात समजते. नदीपलीकडे पैनगंगा अभयारण्य आहे. येथे पर्यटकांची गर्दी नाही आणि वाघ दिसण्याची हमीही नाही. नीलगाय, चितळ, मोर आणि निबिड शांतता मात्र भेटते.

दहाव्या दिवशी आदिलाबादमार्गे पैनगंगेचा पूल ओलांडून पांढरकवडा गाठावे. सुमारे दीडशे चौरस किलोमीटरचे टिपेश्वर पाहण्यास तीन दिवस पुरतात. एवढ्या लहान वनात वाढलेल्या वाघाला बाहेर का पडावे लागले असेल, हे तेथे प्रत्यक्ष उभे राहिल्यावर कळते. पुढे वणीवरून चंद्रपूर आणि ताडोबा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने उद्यान. तेथे चार दिवस द्यावेत. सतरावा दिवस केवळ प्रवासाचा : चंद्रपूरहून वर्धा आणि तेथून रेल्वेने शेगाव. अखेरचे दिवस ज्ञानगंगा आणि लोणारसाठी राखावेत. लोणारच्या उल्कानिर्मित सरोवराला २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. परतीच्या वाटेवर वाशिम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थ करून हिंगोलीमार्गे नांदेडला यावे. एका दमात तीन आठवडे मिळत नसतील, तर ताडोबापाशी मार्गाचे दोन भाग करून दोन सुट्ट्यांत वर्तुळ पूर्ण करता येते.

आता महिन्याचा प्रश्न. तोच अधिक अवघड. जाणकार सांगतात की वाघ पाहायचा तर एप्रिल-मे गाठावा. कारण सरळ आहे. पाने गळून रान उघडे पडते, ओढे आटतात, आणि उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर प्रत्येक प्राण्याला यावेच लागते. पाहणाऱ्याने फक्त पाण्याजवळ थांबायचे. मुलांच्या परीक्षाही तोवर संपलेल्या असतात, म्हणून बहुतेक कुटुंबांचे बेत मे महिन्यावरच येऊन ठेपतात.

लातूरच्या माणसाने मात्र येथे क्षणभर थांबावे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. त्या दिवसांत घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसांची छायाचित्रे देशभर छापली गेली. छायाचित्रे घेणाऱ्यांनी कोणाचे पाणी तोडले नव्हते. उलट त्यांच्यामुळेच ती तहान देशाला कळली. तरीही रांगेत उभ्या असलेल्यांना आपण पाहिले जात आहोत, ही जाणीव सुखाची नव्हती. मे महिन्यातील पाणवठ्यावर जे सहज दिसते ते वनाचे वैभव नसते, ती वनाची अडचण असते. वनविभाग अनेक ठिकाणी टँकरने किंवा सौरपंपाने पाणवठे भरतो, आणि पर्यटकाच्या जाण्याने प्राण्यांची तहान वाढत नाही, हेही खरे. परंतु त्या दर्शनाची किंमत कोण देतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बेत आखताना ते विसरता येत नाही.

म्हणून दिवाळीनंतरचे दिवस विचारात घ्यावेत. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. साधुसाध्वी चार महिने एका ठिकाणी स्थिर होतात, त्याच काळात वनाची दारेही मिटलेली असावीत, हा योग मनोज्ञ आहे. ज्या घरांत चातुर्मासात दूरचा प्रवास टाळतात आणि शाळेचे बंधन नाही, त्यांनी कार्तिक पौर्णिमेनंतर निघावे. या दिवसांत गवत उंच असते, झाडी दाट असते. वाघ दिसेलच असे नाही, पळसही फुललेला नसतो. पण सहस्रकुंडाला पाणी असते, जलाशयांवर चक्रवाकांसारखे पाहुणे पक्षी उतरू लागतात, आणि वनातील प्रत्येक जीव आपल्या इच्छेने, आपल्या वेळी पाण्यावर येतो.

व्यवस्थेच्या बाबी थोड्याच. ताडोबाचे आरक्षण बरेच आधी करावे. मंगळवारी गाभा बंद असतो, हे दिवस जुळवताना ध्यानात ठेवावे आणि ओळखपत्र जवळ बाळगावे. सायंकाळची फेरी सूर्यास्ताच्या सुमारास संपते. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी सकाळच्या फेऱ्या निवडाव्यात. वनालगतच्या मुक्कामी हवे तसे जेवण मिळेल या भरवशावर राहू नये. खाकरे, दशम्या, भाजलेल्या पिठाचे लाडू बरोबर असावेत. मुलांच्या हाती कॅमेऱ्याआधी एक वही द्यावी. दिसलेल्या वाघांच्या संख्येपेक्षा वाटेतील पाण्याची नोंद तिच्यात असावी : कोणता ओढा वाहता होता, कोणता आटला होता, कोणत्या चिखलात कोणाची पावले उमटली होती.

तीन आठवड्यांनी नांदेडला परतताना गाडी हिंगोलीच्या शेतशिवारांमधून येते. कापूस वेचणीला आलेला असतो. खिडकीतून पाहताना त्या रानात काहीच नाही असे वाटते. पण २०१९ मध्ये एक वाघ अशाच शिवारांमधून रात्रीमागून रात्री चालत गेला, आणि गावे झोपेतच राहिली. मुलांची वही मिटण्यापूर्वी त्या शिवाराचेही नाव तिच्यात लिहिले जावे.