फर्स्ट ओनर, पुणे पासिंग

प्रिय निंजा १०००,


तुझ्या जाहिरातीतलं बरंचसं मला आधीपासूनच पाठ आहे, कारण सेकंड हँड गाड्यांच्या सगळ्या जाहिराती एकाच दौतीतून उतरलेल्या असतात. फर्स्ट ओनर, पुणे पासिंग, शोरूम कंडिशन, एकदाही पडलेली नाही, मालक परदेशी चालल्यामुळे अर्जंट विकणे. हे सगळे मालक खरोखरच गेले असते तर एव्हाना निम्मं पुणं जर्मनीत राहायला हवं होतं. तुझं स्वतःचं असं त्यात एवढंच : २०१८ चं मॉडेल, हिरवा-काळा रंग, रनिंग नऊ हजार, अपेक्षा साडेसहा लाख.

तुला घ्यायचं की नाही, हे ठरवायला बसलोय. मालकाला विचारून उपयोग नाही, तो तुझं कौतुकच करणार. मित्रांना विचारून त्याहून नाही, त्यांना फुकटात एक चक्कर मारायची आहे. म्हणून थेट तुलाच लिहितो, आणि उघड लिहितो, कारण चाळिशी ओलांडलेली, हप्ते फिटलेली आणि पोरं मोठी झालेली माझ्यासारखी बरीच माणसं सध्या तुझ्यासारख्या गाड्यांसमोर खिशात हात घालून उभी आहेत.

आमच्या पिढीला तुझी ओढ लागली ती करिझ्मामुळे. २००३ साली हिरो होंडाने २२३ सीसीची करिझ्मा आणली, जाहिरातीत हृतिक रोशन, आणि कॉलेजच्या पार्किंगमध्ये ती ज्याच्याकडे असेल त्याच्याभोवती घोळका. पुढे अर्धं फेअरिंग, किंचित पुढे झुकलेली बैठक, आणि दिवसभर चालवूनही कंबर शाबूत. तू त्याच कल्पनेचं मोठ्या मापातलं रूप : १०४३ सीसी, चार सिलिंडर, १४२ पीएस. हँडल रेसच्या गाडीइतकं खाली नाही, पुढची काच तीन पायऱ्यांत वर-खाली होते, टाकीत १९ लिटर पेट्रोल बसतं आणि मागे दोन्ही बाजूंना कंपनीच्या पेट्या लागतात. दिवसाला पाचशे किलोमीटर काढायचे, त्यातले शंभर वळणावळणाचे, आणि संध्याकाळी हॉटेलात ताठ चालत शिरायचं, लंगडत नाही. युरोपात तुला झेड १००० एसएक्स या नावाने विकलं, आणि तिकडच्या लोकांनी तुला नेमकं याच कामाला जुंपलं.

शिवाय तू चाकणची. आधीची निंजा १००० जपानहून तयार होऊन यायची आणि बारा लाखांच्या पुढे जायची. २०१७ च्या एप्रिलमध्ये कावासाकीने बजाजबरोबरची विक्रीची भागीदारी संपवून वेगळी चूल मांडली आणि त्याच वर्षी नवी निंजा १००० सुट्या भागांत आणून इथे जोडायला घेतली. एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत आली, ९ लाख ९८ हजार. तू त्या काळातली. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी आहे. आधी सेस धरून तो ३१ टक्के होता. नवी गाडी महागली की जुन्या गाडीचा मालक सकाळी उठून आधी जाहिरातीतला आकडा बदलतो. तुझ्या साडेसहामध्ये त्या उत्साहाचा वाटा किती, हे मला चाचपायचं आहे.

खरी मेख पुढेच आहे. तुझी किंमत तुझ्या वयावर ठरते, तुझा खर्च मात्र तुझ्या जन्मावर. दहा लाखांची गाडी साडेसहाला मिळाली म्हणून तिच्या टायरवर कोणी पस्तीस टक्के सूट देत नाही. मागचा टायर १९० चा. चांगल्या कंपनीची जोडी घ्यायची तर तीस-चाळीस हजार सहज जातात. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, सगळ्यांची बिलं याच घराण्यातली. आणि सगळ्यात मोठं प्रकरण व्हॉल्व्हचं. माझ्या स्प्लेंडरचं टॅपेट कोपऱ्यावरचा मिस्त्री चहा येईपर्यंत लावून देतो : नट सैल कर, स्क्रू फिरव, फीलर गेज सरकव, नट आवळ. तुझ्यात सोळा व्हॉल्व्ह आहेत आणि फिरवायला स्क्रूच नाही. बकेटखाली एक छोटी चकती असते, शिम. फट कमी-जास्त भरली तर कॅमशाफ्ट बाहेर काढून वेगळ्या जाडीची चकती बसवायची. तिथपर्यंत हात पोचायला फेअरिंग, टाकी, एअरबॉक्स सगळं उतरवावं लागतं. मजुरीचा आकडा ऐकून पुष्कळ मालक हे काम पुढच्या मालकासाठी राखून ठेवतात. मोठी सर्व्हिस जवळ आली की जाहिराती वाढतात, असा माझा जुना संशय आहे. तुझी अजून आलेली नाही. म्हणजे ती माझ्याच काळात येणार.

आणि तरी मला जास्त खुपतात ते तुझे नऊ हजार किलोमीटर. कमी रनिंग म्हणजे चांगली गाडी, हे गणित रोज दामटायच्या स्कूटरला ठीक आहे. तू उभी राहून खराब होणारी गाडी. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, बॅटरी बसते, फोर्कच्या सीलचं रबर कडक होतं, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ते दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो वा न चालो. तीस हजार फिरलेली पण प्रत्येक सर्व्हिसचं बिल फाइलला लावलेली निंजा मी तुझ्याआधी घेईन. तुझ्या मालकाला बिलांचं विचारलं तर म्हणाला, 'साहेब, चालवलीच नाही तर सर्व्हिस कशाला?' हे वाक्य त्याने तुझ्या बाजूने टाकलं होतं.

म्हणून मी आलो की आधी तुझ्या टायरपाशी उकिडवा बसणार. कडेला डीओटी या अक्षरांपासून जी रांग सुरू होते तिच्या शेवटी चार आकडे असतात. ४२१७ असेल तर २०१७ सालच्या बेचाळिसाव्या आठवड्यातला टायर, म्हणजे कारखान्यातून तुझ्याबरोबर आलेला. नक्षी कितीही खोल दिसली तरी तो काढावा लागेल आणि त्याचे पैसे तुझ्या किमतीतून वजा होतील. मग मोबाईलचा टॉर्च तुझ्या पोटाखाली. जमिनीपासून जेमतेम १३० मिलिमीटर उंची तुझी, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर कोणी मापं घेऊन बांधत नाही. एक्झॉस्टच्या पाइपांना खालून ओरखडे असणारच, त्याचं मला काही वाटणार नाही. मला बघायचा आहे स्टिअरिंगचा स्टॉप. हँडल पूर्ण वळवलं की ते चासीवर जिथे टेकतं, तिथला रंग उडून धातू चपटा झाला असेल तर तू एकदा तरी जोरात आपटली आहेस. फेअरिंग नवं बसवता येतं, आरसे नवे येतात, लिव्हर तर किरकोळीत मिळतात. तिथली चेप झाकायचं मात्र सहसा कोणाला सुचत नाही. त्यानंतर कोन सेट : पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल बोटाने हळूच फिरवायचं, मधोमध खट्‌कन अडकलं तर बेअरिंग गेलं. आणि इंजिन मला थंडगार हवं. 'तुम्ही येणार म्हणून जरा गरम करून ठेवली' असं मालक म्हणाला, तर मी चहा पिऊन दोन तासांनी परत येईन.

हे सगळं पास झालीस तरी एक प्रश्न उरतो, आणि त्यात तुझा काही दोष नाही. तू महामार्गासाठी जन्मलीस आणि महाराष्ट्रातले उत्तमोत्तम महामार्ग तुला बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यापर्यंतच्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर मनाई. वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, मुंबईचा किनारी रस्ता, तिन्हीकडे मनाई. दुधाचे कॅन लादलेली मोपेड आणि १४२ पीएसची तू, फलकावरच्या चित्रात दोघी सारख्याच. उरला बंगळूर रस्ता. खंबाटकीचा घाट चढायचा, साताऱ्यापुढे कागलपर्यंत सहापदरीकरणाचे वळसे आणि सेवा रस्ते सोसायचे, निपाणी मागे पडली की कुठे जरा श्वास घ्यायचा. तिथेही चौपदरी महामार्गावर दुचाकीला मर्यादा ताशी ८०. तू पहिल्याच गिअरमध्ये शंभरी गाठतेस. वरचे पाच गिअर कायद्याच्या नजरेत शोभेचे.

पण तुझी मजा वेगात आहे असं मी तरी मानत नाही. संकेश्वरला महामार्ग सोडून गडहिंग्लज-आजरा करत आंबोलीकडे निघावं, सहाव्या गिअरमध्ये निवांत असावं, पुढे उसाची ट्रॉली दिसली की गिअर न पाडता नुसती मूठ पिळावी. तुझे १११ न्यूटन-मीटर त्या दोन सेकंदांत कळतात, आणि मीटरचा काटा तेव्हाही सभ्यच असतो. वर्षाकाठी असे दिवस किती येणार, याचा हिशोब मी केला आणि वही मिटून ठेवली. बाकीचे दिवस सिंहगड रोडचे. तिथे सिग्नलला तुझा पंखा सुरू झाला की मांड्या शेकून निघतात.

बायकोचंही मत घेतलं. फोटोतली मागची सीट बघून तिने विचारलं, 'वर चढायला शिडी देतात का?' मी पेट्या किती मोठ्या आहेत ते सांगायला गेलो. ती म्हणाली, 'मग त्यात तुझे कपडे ने. मी एसटीने येते, बघू आंबोलीला आधी कोण पोचतं.' हा होकार की नकार, ते मी विचारलेलं नाही.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नाव बदलायला २९ आणि ३०. चासी नंबर मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचून आरसीशी ताडून बघेन, आणि थकलेली ई-चलनं मालकाने आधी भरायची. एप्रिल २०१९ च्या आधीची नोंदणी, म्हणजे एचएसआरपी बसवली आहे की नाही तेही बघायचं. मालक 'इन्शुरन्सला पन्नास टक्के नो क्लेम आहे' असं मिरवतो, पण तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तो त्याच्याबरोबरच जाणार. आणि चाव्या दोन हव्यात. तुझ्या पेट्याही त्याच चावीने उघडतात.

याच पैशांत दुसरं काय येतं, तेही पाहिलं. तुझ्याच चाकणची डोमिनार ४००, अर्ध्याहून कमी पैशांत नवीकोरी, वॉरंटीसकट, आणि उरलेल्या रकमेत कित्येक वर्षांचं पेट्रोल. ऐंशीच्या मर्यादेत तिला घाम फुटत नाही आणि तिचे पार्ट गडहिंग्लजलाही मिळतील. डोक्याने विचार केला तर निकाल तिथेच लागतो. पण निव्वळ डोक्याने दुचाकी घेणाऱ्या माणसांनी केव्हाच अ‍ॅक्टिव्हा घेतलेली आहे.

तेव्हा माझं ठरलंय ते असं. साडेसहा लाख मी घालायला तयार आहे, पण ते सगळे तुझ्या मालकाचे नाहीत. त्यातला एक लाख आधीच बाजूला काढला : टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, कूलंट, चेन, आणि उघडल्यावर जे निघेल त्याला. मालकाला साडेपाच. रविवारी सकाळी सातला येतो. बरोबर माझा मिस्त्री असेल. तो मोठ्या गाड्यांची कामं करतो आणि मालकाच्या तोंडावर खरं बोलतो, त्यामुळे त्याला बरोबर घेऊन जायला लोक जरा कचरतात. साडेपाचला नकार आला तर मी घासाघीस करत बसणार नाही. त्याच दिवशी दुपारी तीनला डोमिनारची टेस्ट राइड सांगून ठेवली आहे.

कळावे,
एक गिऱ्हाईक