रेडिओचं लायसन आणि आईचा बुधवार



यंदा ३ डिसेंबरला बुधवार आला आहे. नवीन महिन्याचं पान उलटताना माझं बोट तिथंच थांबलं. ३ डिसेंबर १९५२ लाही बुधवारच होता आणि त्या दिवशी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमालेचा पहिला कार्यक्रम झाला. म्हणजे बरोबर ७३ वर्षं. आता ७३ हा काही साजरा करण्याचा आकडा नव्हे, पण वार जुळला की जीव अडकतो. आपल्याकडे सगळं तिथीवर चालतं. कल्याणकं तिथीनं, आचार्यांच्या पुण्यतिथ्या तिथीनं, घरातली श्राद्धं आपण करत नाही पण आठवण काढायची तीही तिथीनं. तारखेनं लक्षात ठेवलेली ही एवढीच एक गोष्ट माझ्याकडे आहे, तीही माझ्या आईमुळे.

आमचं माहेर सांगलीचं. अण्णा पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळद, गूळ, शेंगा, सगळ्याचा हिशेब त्यांच्या हाती. १९७० साली त्यांनी मर्फीचा रेडिओ घेतला. शॉर्टवेव्ह असलेला, कारण आईला सिलोन हवं होतं. अण्णांना बाजारभाव आणि बातम्या पुरेशा होत्या.

बुधवारी रात्री आठ वाजता गीतमाला लागायची. आमच्या गल्लीत इतर घरांत ती स्वयंपाकाची वेळ. शेजारच्या काकू भाकरी थापता थापता ऐकायच्या, एक कान तव्याकडे आणि एक कान अमीन सायानींकडे. आमच्या घरात मात्र सूर्यास्ताच्या आत जेवणं होऊन भांडीसुद्धा पालथी पडलेली असायची. आई सात वाजता जपाला बसायची आणि आठच्या ठोक्याला माळ डबीत ठेवून रेडिओजवळ. दिवसा जेवण्याचे फायदे महाराज लोक पुष्कळ सांगतात, पण बुधवारचा हा फायदा मी कुणाच्या प्रवचनात ऐकला नाही!

सिलोनचा आवाज लाटांसारखा यायचा. मध्येच बुडायचा, खरखरायचा, पुन्हा वर यायचा. मी वही घेऊन बसायची. कुठलं गाणं कितव्या पायदानावर, मागच्या आठवड्यात कुठं होतं, चढलं की उतरलं, सगळं रकाने आखून. पुढं मी कॉमर्सला गेले त्याची लक्षणं तिथंच दिसत होती.

आता आपल्या नातवंडांना प्रश्न पडेल की हिंदी गाणी ऐकायला कोलंबोला कशाला जायचं? तर १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. त्यांच्या मते सिनेमाची गाणी म्हणजे अभिरुचीचा बिघाड. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. तिकडे सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धात लष्करानं उभारलेला जबरदस्त ताकदीचा ट्रान्समीटर आयताच पडलेला होता. त्याचा आवाज अख्ख्या हिंदुस्थानात पोचायचा. जाहिरातदारांनी संधी साधली. सिबा कंपनीची बिनाका टूथपेस्ट (त्या खोक्यातली इवलीइवली प्लास्टिकची जनावरं आठवतात ना?) तिनं कार्यक्रम पुरस्कृत केला. गंमत म्हणजे कार्यक्रम तयार व्हायचा मुंबईतच. ध्वनिमुद्रण मुंबईत, फीत विमानानं कोलंबोला आणि तिथून आवाज परत आमच्या सांगलीच्या सोप्यात. सरकारनं १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू केली ती ह्याच धक्क्यातून. आपण बंद केलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं की शटर उघडावंच लागतं.

सुरुवातीला तो गाण्यांच्या पायऱ्यांचा कार्यक्रम नव्हता, अर्ध्या तासाची स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी ती कुठल्या क्रमानं आली ते वर्षांनुसार लावून पाठवायचं. पत्रांचा असा पूर आला की ती पद्धत सोडून १९५४ पासून लोकप्रियतेनुसार क्रम लावू लागले. त्यातही नुसती पत्रं मोजली असती तर कुणीही गठ्ठे पाठवून आपलं गाणं वर नेलं असतं. म्हणून रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानदारांकडून विक्रीचे आकडे घ्यायचे आणि श्रोता संघांचा कौलही. दोन बाजूंनी ताळा. मला हे फार आवडायचं.

आणि अमीन सायानी! त्यांच्या आई कुलसुम सायानी गांधीजींच्या सांगण्यावरून नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पत्र चालवायच्या, देवनागरी, उर्दू आणि गुजराती तिन्ही लिप्यांत. हा मुलगा त्यात हात लावायचा, तिथं त्याला सोप्या हिंदुस्थानीची सवय लागली. तो 'बहनो और भाइयो' म्हणायचा. बहिणी आधी. आईला ह्याचं भारी कौतुक. "बघ, आपल्याला आधी बोलावतोय," म्हणायची.

तर आता १९७५ सालाकडे येते.

भाद्रपदातलं दशलक्षण पर्व चालू होतं. बस्तीत पंडितजी रीतीप्रमाणे तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय सांगत होते. सातव्या दिवशी सातवा अध्याय, त्यात व्रतं आणि त्यांचे अतिचार. अचौर्याचे पाच अतिचार तुम्हाला ठाऊकच आहेत. चोराला वाट दाखवणं, चोरीचा माल घेणं, वजनमापात कमीजास्त करणं, भेसळ करणं, आणि एक विरुद्धराज्यातिक्रम. पंडितजींनी सांगितलं, राज्यानं लावलेला कर चुकवणं हे ह्यात येतं. आणि उदाहरण देताना सहज म्हणाले, "आता रेडिओचं लायसन घ्या."

नव्या मुलींना सांगायला हवं. त्या काळी रेडिओला लायसन लागायचं. वर्षाचे पंधरा रुपये, पोस्टात भरायचे. छोटं पुस्तक असायचं, त्यात तिकीट चिकटवून शिक्का मारून द्यायचे. सगळं १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली!

आई घरी आली ती सरळ कपाटाशी. लायसनचं पुस्तक काढलं. १९७० चं तिकीट होतं, १९७१ चं होतं. त्यापुढं कोरी पानं.

रात्री तिनं अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "अगं, गल्लीत कोण भरतंय? आणि तू ऐकतेस ते सिलोन. गाणी लावणार कोलंबोवाले आणि पैसे दिल्लीला कशाला?"

मला हा मुद्दा बिनतोड वाटला. अजूनही थोडा वाटतो.

आई म्हणाली, "अहो, बाजारभाव तर आपल्याच सांगली केंद्रावर ऐकता की."

अण्णा गप्प झाले. पेठेत त्यांचं नाव होतं ते वजनासाठी. काट्यावर मालकानं बोट ठेवलं तरी हे नोकरी सोडायला निघायचे. असा माणूस पंधरा रुपयांसाठी का अडला, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. १९७२ हे दुष्काळाचं साल, पुढं महागाई, आजीचं आजारपण. पगार अडीचशे. एक वर्ष राहिलं, मग दुसरं, मग लाज वाटून तिसरं. खतावणी रोज लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरची बाकी बघवत नव्हती, एवढंच असावं.

आईनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "भरेपर्यंत मी ऐकणार नाही." रेडिओवर तिनं विणलेला रुमाल घातला. तुम्ही ऐकू नका असं ती कुणाला म्हणाली नाही, पण ती ऐकत नसताना बटण फिरवायची हिंमत अण्णांनाही झाली नाही. बाजारभावसुद्धा बंद.

त्या पर्वात उपवास, एकाशन करणाऱ्या बायकांना सगळ्यांनी सुखसाता विचारली. आईचा हा त्याग कुणाला माहीतही नव्हता. आणि तिला गाणी आवडत नव्हती असं मुळीच नाही. महिला मंडळाच्या भजनाच्या वहीत वर 'चाल' म्हणून सिनेमाच्या गाण्याचं नाव असतं ना, त्यातल्या निम्म्या चाली आमच्या बस्तीत तिनंच बसवल्या होत्या. हो, ह्यावर नाक मुरडणाऱ्या आहेत, मला माहीत आहे. मी मुरडत नाही.

मी पंधरा वर्षांची. माझ्या वहीतले रकाने कोरे राहू लागले. तीन बुधवार मी दम धरला, चौथ्याला आईला म्हणाले, "तुझ्या व्रतापायी आमची शिक्षा. आणि अण्णांना तू चोर म्हणालीस."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले, पण वर बघितलं नाही. "मी म्हणाले नाही," एवढंच बोलली. मी शेजारी काकूंकडे गेले आणि तिथं बसून गीतमाला ऐकली. घरी आल्यावर तिनं विचारलं, "पहिलं कोण आलं?" मी सांगितलं नाही. आज पन्नास वर्षांनी ते लिहितानाही मला बरं वाटत नाही. तिला फक्त नाव हवं होतं.

अण्णा तिच्याशी बोलत होते, पण मोजून. ताटावर बसायचे, उठायचे.

आईचा एक डबा होता, शिखरजीचा. सम्मेद शिखरजीच्या यात्रेसाठी ती चार आणे, आठ आणे टाकत आली होती. नोव्हेंबरात एके दिवशी दुपारी तिनं तो डबा पदरात ओतला आणि मला म्हणाली, "चल पोस्टात. फॉर्म इंग्रजीत असतो." चार वर्षांचे साठ रुपये आणि वर दंड. खिडकीतला माणूस एकदा पैशांकडे आणि एकदा आमच्याकडे बघत राहिला. चिल्लर मोजायला त्याला वेळ लागला. मी म्हटलं, "आई, आता शिखरजी?" म्हणाली, "डोंगर आहे तो, कुठं पळून जातोय."

त्या रात्री तिनं पुस्तक अण्णांच्या उशाशी ठेवलं. काही बोलली नाही. बुधवारी आठ वाजता अण्णांनी स्वतः रुमाल काढून घडी करून ठेवला आणि सिलोनचा काटा जुळवून दिला. गल्लीत कुणी विचारलं की सांगायचे, "आणीबाणी आहे बाबा, भरलेलं बरं." आई ऐकून हसायची, खोडायची नाही.

वर्षाअखेरच्या कार्यक्रमात १९७५ चं सरताज गाणं ठरलं ते 'रोटी कपडा और मकान' मधलं, महागाईचं. अण्णा जागचे उठले आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. (पाणीसुद्धा ते रात्री घेत नसत. त्या दिवशी घेतलं की नुसतं उभं राहून आले, कुणास ठाऊक.)

पुढं दर वर्षी लायसन अण्णांनीच भरलं, स्वतः रांगेत उभं राहून. घरच्या खतावणीत वेगळी ओळ असायची, 'रेडिओ लायसन रु. १५'. १९८० च्या दशकात सरकारनं ते रद्द केलं तेव्हा त्यांना जरा चुकल्यासारखं झालं असावं. १९८८ साली ते आईला शिखरजीला घेऊन गेले. त्याच साली गीतमाला सिलोनवरून उठली आणि नंतर विविध भारतीवर आली, पण तोवर आमच्याकडे टीव्ही होता आणि बुधवार चित्रहाराचा झाला होता.

अण्णा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. तिला जुनी गाणी ऐकवावीत म्हणून मी फुटपाथवरून एक पेन ड्राइव्ह आणली. हजारभर गाणी, साडेतीनशे रुपये. लावून दिली. तिनं दोन गाणी ऐकली आणि विचारलं, "ह्याचे पैसे गाणाऱ्यांना जातात का गं?"

बी.कॉम. झालेली मी. रॉयल्टी म्हणजे काय ते परीक्षेत लिहून आलेली. म्हटलं, "आई, आता असलं कुणी बघत नाही." आणि बोलताना माझ्या तोंडून अण्णांचंच वाक्य निघालं हे माझ्याच लक्षात आलं. ती काही म्हणाली नाही. जपाची माळ घेतली. पुन्हा ती लाव म्हणाली नाही.

२०१८ साली माझ्या मुलीनं आजीला सारेगामाचं कारवां आणून दिलं. त्यात अमीन सायानींच्या आवाजात गीतमालाच भरलेली आहे. आईनं आधी पावती मागितली. चष्मा लावून वाचली, किंमत बघून "अगंबाई" म्हणाली, आणि पावती घडी करून लायसनच्या जुन्या पुस्तकात ठेवली. मग म्हणाली, "लाव आता." खरखर नव्हती, लाटा नव्हत्या. तिला ते जरा पटलं नाही. "आवाज बुडत नाही हा," म्हणाली. पण ऐकलं, रोज संध्याकाळी जप झाल्यावर.

ती २०२१ मध्ये गेली. २० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सायानी गेल्याची बातमी आली तेव्हा सवयीनं मी तिच्या खोलीकडे सांगायला निघाले होते.

लायसनचं पुस्तक माझ्याकडे आहे, पावतीसकट. पेन ड्राइव्हही आहे, त्याच खणात. टाकूनही देववत नाही आणि लावतही नाही. ह्या बुधवारी जेवणं आटोपल्यावर आठ वाजता कारवां लावणार आहे. माझी ती वही सापडली आहे, १९७५ ची. ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी काकूंकडून आल्यावर मी लिहिलेली यादी आहे तिच्यात, पहिल्या पायदानापासून.