घड्याळ नव्हे, तापमान

२०२४ हे १९०१पासूनच्या नोंदींतले भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरल्याचे भारतीय हवामान विभागाने २०२५च्या जानेवारीत जाहीर केले. सरासरी तापमान १९९१-२०२०च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने अधिक होते. माझी नजर मात्र दुसऱ्या दोन आकड्यांवर थांबली: कमाल तापमानातील वाढ ०.२० अंश, किमान तापमानातील ०.९० अंश. दिवसांपेक्षा रात्री अधिक तापल्या होत्या. हे मला आईने आधीच सांगितले होते; मी ते ऐकले नव्हते.

जर्मनीत संशोधन करीत असताना मी घरी सावरडो पाव करायला शिकले. बाजारचे यीस्ट न घालता, पीठ-पाण्याच्या आंबवणात वाढणारे यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू यांच्या बळावर हा पाव फुगतो. तिथल्या वीस अंशांच्या स्वयंपाकघरात रात्री मळलेली कणीक सकाळी नेमकी तयार असे. २०२४च्या मे महिन्यात चेन्नईत तीच कृती, ग्रॅमपर्यंत मोजून, चार वेळा केली. चारही वेळा सकाळी भांड्यात आंबट, चिकट लगदा होता. मी पिठाला दोष दिला, मग पाण्याला.

नागपूरला आईशी फोनवर बोलताना हे निघाले. ती म्हणाली, “अगं, रात्रभर बाहेर कशाला ठेवतेस? मी इडलीचं पीठ आता अकरालाच फ्रिजमध्ये ठेवते. पूर्वी उन्हाळ्यातसुद्धा पहाटेपर्यंत टिकायचं. आता रात्री हवा निवतच नाही.”

“आई, आठवणींवरून हवामान ठरत नसतं,” मी म्हणाले. ती “बरं” म्हणाली आणि तिने विषय बदलला.

त्या रात्री मी कणकेत तापमापक खोचला. पहाटे दोन वाजता पारा ३२ अंशांवर होता. एका विशिष्ट मर्यादेपर्यंत दर दहा अंशांमागे किण्वनाचा वेग साधारण दुप्पट होतो; म्हणजे माझी आठ तासांची कृती चारेक तासांतच संपत होती. शिवाय सावरडोतील यीस्टची वाढ साधारण २७ अंशांच्या आसपास सर्वाधिक असते, तर अनेक आम्लजनक जिवाणूंची ३२-३३ अंशांजवळ. उष्णतेत जिवाणू पुढे निघून जातात. वाढलेल्या आम्लतेत पिठातील विकरे ग्लुटेनचे जाळे तोडू लागतात आणि फुगा धरून ठेवणारे काही उरत नाही. कृतीत तास लिहिलेले होते, पण ते तास वीस अंशांचे होते. प्रयोगाच्या अटी न पाहता मी त्याचा निष्कर्ष उचलला होता.

पाचव्या वेळी आंबवण निम्मे घातले, पाणी बर्फाचे घेतले, कणीक दीडपट होताच फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी थेट भट्टीत घातली. पाव उत्तम झाला.

एका घरातील इडलीच्या पिठावरून हवामानबदल सिद्ध होत नाही. आईच्या घराभोवती इमारती वाढल्या आहेत, वर तापणारा स्लॅब आहे; कारणे अनेक असू शकतात. परंतु तिने एक निरीक्षण सांगितले होते आणि मी ते न मोजताच खोडले होते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने असे केले असते, तर मी त्याला परत पाठवले असते.

मी तिची क्षमा मागितली आणि एक तापमापक पाठवला. आता उन्हाळ्यात ती रोज रात्री अकरा वाजता खोलीचे तापमान वहीत लिहिते आणि मला कळवते. पहिल्या आठवड्यात एकदा तिने ३४ कळवले, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले: पीठ ती फ्रिजमध्ये ठेवत होती, आणि स्वतः त्याच खोलीत झोपत होती. दिवसभराच्या उष्णतेतून सावरण्यासाठी शरीराला रात्रीचा गारवा लागतो. यंदा तिचा पलंग आम्ही खालच्या मजल्यावर हलवला आहे. तिथला आकडा तीन अंशांनी कमी येतो.